केसपेपरवर एक ओळ वाढवा : नाशिकच्या आरोग्य यंत्रणेला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, नाशिक
मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक

विषय : डिमेन्शियाच्या रुग्णांना घरी सांभाळणाऱ्यांना मार्गदर्शन आणि मदत मिळण्याबाबत

महोदय,

दवाखाना सरकारी असो की खासगी, आधी केसपेपर काढावा लागतो. त्यावर रुग्णाचं नाव, वय, पत्ता, मोबाइल नंबर येतो. आत डॉक्टर बीपी, साखर आणि गोळ्या लिहितात आणि कागद पूर्ण होतो. डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, रुग्णाच्या केसपेपरवर आणखी एक ओळ असावी, म्हणून हे पत्र लिहिते आहे. ती ओळ अशी : घरी सांभाळतं कोण? त्या माणसाचं नाव, वय, त्याला स्वतःला कसलं दुखणं आहे का, आणि रात्री त्याची झोप होते का.

ही ओळ लिहिली गेली की त्या माणसाची विचारपूस करणं हे कुणाचं तरी काम होतं. आज ते कुणाचंच काम नाही.

मी नाशिकरोडला जेलरोड भागात राहते. माझे सासरे, म्हणजे अण्णा, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले. त्यांना अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचाच एक प्रकार, आहे. मिस्टर अंबडला कारखान्यात शिफ्टमध्ये असतात. मी एका पतसंस्थेत काम करायचे, ते सोडलं, कारण घरात एक माणूस कायम जागं असणं गरजेचं झालं. आमची परिस्थिती बरी म्हणावी अशी आहे. पेन्शन आहे, घर स्वतःचं आहे, मुलगी हाताशी येते. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही अशी घरं मी दवाखान्याच्या बाकांवर बसल्या बसल्या पाहिली आहेत. हे पत्र त्यांच्याही वतीने आहे.

या आजारावर गोळ्या आहेत. डोनेपेझिल, मेमँटिन ही नावं आमच्यासारख्या घरांत लहान मुलांनाही पाठ असतात. काही रुग्णांना त्यांचा काही काळ उपयोग होतो. पण आजार मुळापासून बरा करील असं औषध अजून नाही. म्हणजे निदान झाल्यावर पुढची कित्येक वर्षं खरा उपचार चालतो तो घरात : जेवू घालणं, आंघोळ घालणं, रात्री तीनला उठून दाराची कडी तपासणं, चिडलेल्या माणसाला शांत करणं. हे सगळं करणाऱ्या माणसाला कुणी काही शिकवलेलं नसतं. त्याला साप्ताहिक सुट्टी नसते, आजारपणाची रजा नसते, आणि तो पडला तर जागेवर दुसरा कुणी येणार नसतो. इस्पितळातल्या एखाद्या वॉर्डात असं चाललं असतं तर आपण ते चालू दिलं नसतं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की डिमेन्शियाच्या माणसाला घरचे लोक दिवसाला सरासरी ५ तास देतात आणि या सांभाळण्याच्या एकूण तासांतले ७० टक्के तास बायकांचे असतात. भारतात साठीपुढच्या लोकांमध्ये हा आजार ७.४ टक्क्यांना, म्हणजे साधारण ८८ लाख लोकांना असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मांडला गेला. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त आढळलं. आजारी पडतात त्या जास्त बायका आणि सांभाळतात त्याही जास्त बायका. नाशिक शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १४ लाख ८६ हजार होती. कितीही हात राखून हिशेब केला तरी या शहरात अशी काही हजार घरं निघतील. इगतपुरी, दिंडोरी, सिन्नर, निफाडची घरं वेगळीच, आणि तिथली माणसं शेवटी उपचाराला नाशिकलाच येतात.

आता घरात नेमकं काय शिकावं लागतं, ते सांगते.

नोटा छापतात तिथे कामगारांची बाहेर पडताना झडती होते. अण्णांनी ती सगळी नोकरीभर दिली. आता संध्याकाळी साडेपाच-सहा झाले, उन्हं उतरली की ते खुर्चीतून उठतात, दारापाशी जाऊन उभे राहतात, सदऱ्याचे आणि पायजम्याचे खिसे उलटे करून बाहेर काढतात, दोन्ही हात खांद्याएवढे वर करतात आणि वाट बघतात. कुणीही घरचं माणूस अशा वेळी सांगायला जाईल, की अण्णा, हे आपलंच घर आहे, तुम्ही रिटायर झालात. ते ऐकलं की त्यांचा संताप होतो. त्यांच्या लेखी ड्यूटी संपली आहे, बायको घरी वाट बघते आहे आणि ही कोण बाई गेटवर अडवते आहे. एका मनोविकारतज्ज्ञ मॅडमनी एका वाक्यात सांगितलं : वाद घालू नका, झडती घ्या. आता मी त्यांचे खिसे चाचपते, "झालं, जा," म्हणते. ते मान डोलावतात, आत येऊन बसतात आणि चहा मागतात.

संध्याकाळची ही घालमेल या आजारात पुष्कळांना होते. कुणी माहेरी जायचं म्हणतं, कुणी गुरं बांधायची राहिली म्हणून उठतं, कुणी लहान मुलं शाळेतून आली नाहीत म्हणून रडतं. अंधारून यायच्या आत घरातले दिवे लावणं, टीव्हीचा गोंगाट बंद करणं, दुपारची झोप लांबू न देणं, त्या वेळेला हातात काहीतरी काम देणं, लसूण सोलायला, कपड्यांच्या घड्या घालायला, याने पुष्कळ फरक पडतो. अण्णांना मी जुने पेपर मोजायला देते. ते कोपऱ्याला कोपरा लावून गठ्ठा नीट करतात आणि अंगठ्याने असे सर्रकन मोजतात, की बघत राहावं. आकडा चुकतो, पण हात चुकत नाहीत.

आंघोळीचं सांगायला संकोच वाटतो, पण सांगितलंच पाहिजे, कारण घराघरांत सगळ्यात जास्त अडतं ते इथेच आणि बोलत मात्र कुणी नाही. सुनेने सासऱ्यांना आंघोळ घालायची. लाज तिलाही असते आणि त्यांनाही असते, आजाराने ती जात नाही. अंगावर अचानक पाणी आलं की ते घाबरतात, मारायला उठतात. न्हाणीघरातल्या आरशात दिसणारा म्हातारा त्यांना परका वाटतो आणि परक्यासमोर ते कपडे काढायला तयार होत नाहीत. एकदा अण्णा दाखल असताना तिथल्या सिस्टरनी मला दहा मिनिटांत दाखवलं : आरसा कापडाने झाकायचा. पाणी आधीच काढून ठेवायचं, फरशी कोरडी, बसायला प्लास्टिकची खुर्ची. कमरेचा पंचा काढायचाच नाही, पंचावरूनच पाणी घालायचं. सुरुवात पायांपासून, डोक्यावरून कधीच नाही. एक मग त्यांच्या हातात द्यायचा, म्हणजे आंघोळ तेच करत असतात आणि आपण मदतीला असतो. नाहीच म्हणाले तर अर्धा तास थांबायचं. तेही नाही जमलं तर ओल्या फडक्याने अंग पुसायचं आणि त्या दिवसाचा विषय संपवायचा. रोज डोक्यावरून आंघोळ झालीच पाहिजे असं या आजारात काही नाही. त्या सिस्टरच्या त्या दहा मिनिटांनी आमच्या घरातली रोजची झटापट थांबली. अशी दहा मिनिटं प्रत्येक घराच्या वाट्याला का येऊ नयेत?

आणखी एक गोष्ट, जी माहीत नसेल तर जिवावर बेतू शकते. अण्णा एका रात्रीत कुणालाच ओळखेनासे झाले, भिंतीवर माणसं दिसतात म्हणाले, उठून पडायला लागले. शेजारीपाजारी, नातेवाईक सगळ्यांचं म्हणणं एकच, आजार वाढला, आता असंच. तपासणीत निघाला लघवीचा संसर्ग. अँटिबायोटिक सुरू झालं आणि ते पुष्कळसे पूर्वीसारखे झाले. डिमेन्शिया हळूहळू, महिन्या-महिन्यांनी वाढत जातो. तासांत किंवा दिवसांत माणूस बदलला तर कारण बहुधा दुसरं असतं : लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठ, नवीन सुरू झालेली गोळी, पडल्यावर डोक्याला लागलेला मार. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. सर्दीच्या आणि झोपेच्या काही साध्या गोळ्यासुद्धा अशा माणसाचा गोंधळ वाढवतात, त्यामुळे मेडिकलमधून आपल्या मनाने काहीही आणून द्यायचं नाही. एवढी चार वाक्यं छापून केसपेपरला टाचली तरी किती म्हाताऱ्यांचे हाल वाचतील.

उलट बाजूही आहे. वय झालं, साठी बुद्धी नाठी, चालायचंच, असं म्हणून घरी बसवलेल्या प्रत्येकाला डिमेन्शिया असतोच असं नाही. बी-१२ कमी असणं, थायरॉइड मंदावणं, खोल नैराश्य, पडल्यानंतर मेंदूवर साकळलेलं रक्त, यांमुळेही माणूस असाच विसरतो आणि गोंधळतो. यातलं बरंचसं उपचाराने सुधारण्यासारखं असतं. ऐकू कमी येणारा माणूससुद्धा बावचळल्यासारखा वाटतो. म्हणून शिक्का मारण्याआधी रक्ताच्या या तपासण्या, कानांची तपासणी आणि गरज असेल तर डोक्याचं स्कॅन व्हायला हवं, आणि ते कठड्याच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात किंवा नाशिकरोडच्या बिटको रुग्णालयात त्याच केसपेपरवर व्हायला हवं. स्मरणशक्तीची चाचणी घेताना शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीला अंक उलटे म्हणायला लावू नयेत. गोदाघाटावरचा बाजार कोणत्या वारी भरतो, हे तिला विचारता येईल. निरक्षर माणसांसाठी बेतलेल्या चाचण्या आपल्या देशात पूर्वीच तयार झालेल्या आहेत.

मार्गदर्शनाचं साहित्य नव्याने शोधून काढायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा घरी सांभाळणाऱ्यांसाठीचा 'आयसपोर्ट' हा अभ्यासक्रम आहे आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने तो भारतातल्या घरांसाठी जुळवून घेतला आहे. याच संघटनेने २०१७ मध्ये डिमेन्शियासाठी जो जागतिक कृती आराखडा केला, त्यात सांभाळणाऱ्यांना आधार हा सातांपैकी एक स्वतंत्र विषय आहे. आपल्याला हवं आहे ते मराठीत, आणि नाशिकच्या घरात चालेल असं. आणि इथे मला कुलगुरूंना विनंती करायची आहे. राज्यभरातली वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपीची महाविद्यालयं ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत ते विद्यापीठ १९९८ पासून आमच्या नाशकात आहे. दिंडोरी रोडने जाताना त्याची इमारत दिसते. त्या विद्यापीठाने मनावर घेतलं तर महिन्यातून एक शनिवार सांभाळणाऱ्यांच्या शिकवणीसाठी ठेवता येईल. नर्सिंगच्या शिकाऊ मुलामुलींनी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पलंगावर कसं वळवायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं, घास तोंडात धरून बसणाऱ्याला ताठ बसवून कसं भरवायचं, हे आम्हाला करून दाखवावं. त्यांनाही घरातला आजार कसा असतो ते कळेल, जे वॉर्डात कळत नाही.

घरी रुग्ण सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोमार्फत येणाऱ्या मावश्या आणि मामा यांनाही या शिकवणीत घ्या. दिवसपाळीच्या माणसाचे पैसे एखाद्या घरच्या अख्ख्या पगाराएवढे होतात, तरी लोक कर्ज काढून माणूस ठेवतात, आणि आलेल्या माणसाला डिमेन्शिया म्हणजे काय हे बिचाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तो म्हाताऱ्याला ओरडतो, म्हातारा त्याला चावतो, आणि दोन दिवसांत मामा काम सोडून जातो. दोष त्याचा नाही. विद्यापीठाचं छोटं प्रमाणपत्र मिळालं तर त्याला चार पैसे जास्त मिळतील आणि आम्हाला टिकणारा माणूस.

आता सांभाळणारीला मिळायला हव्यात त्या मोकळ्या तासांबद्दल. शिकवणीहूनही मी याला वर ठेवते.

आपल्या शहरात ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, विरंगुळा केंद्रं आहेत. सकाळी पेपर, कॅरम, भजन, वाढदिवस, फार चांगलं काम चालतं. पण डिमेन्शिया झाला की तिथलं येणं-जाणं थांबतं. तीच गोष्ट पाच वेळा सांगतात म्हणून बाकीचे वैतागतात, दुसऱ्याच्या चपला घालून घरी येतात, संडास सापडत नाही आणि फजिती होते. मग घरचेच पाठवणं बंद करतात आणि त्या माणसाचं जग एका खोलीएवढं उरतं. सांभाळणारीचंही तेवढंच.

महापालिकेचे सहा विभाग आहेत. माझी मागणी सुरुवातीला एकाच विभागापुरती आहे, कुठलाही घ्या. तिथल्या एका विरंगुळा केंद्रात आठवड्यातून तीन दिवस, दुपारी चार तास, डिमेन्शियाच्या आठ-दहा जणांना सांभाळायची सोय करा. त्याला मोठी इमारत लागत नाही. तळमजला, आतून बंद राहणारं फाटक, जवळ आणि ठळक रंगाच्या दाराचा कमोड असलेला संडास, दोन शिकलेली माणसं, एक मदतनीस, आणि फोन केला की येतील असे डॉक्टर. जुनी गाणी, रांगोळी, शेंगा सोलणं, बागेत पाणी घालणं, एवढ्यावर दुपार जाते. संघातल्या ज्या आजी-आजोबांचे हातपाय धड आहेत, त्यातले काही जण आनंदाने मदतीला बसतील, याची मला खात्री आहे.

त्या चार तासांत आमच्यासारख्या बायका काय करतील, हे आपल्याला कदाचित फालतू वाटेल. माझ्या ओळखीच्या एका काकू नवऱ्याला सांभाळतात, त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबणीवर पडत चाललं आहे, कारण ऑपरेशननंतर डोळ्यात थेंब घालत बसायचं की नवऱ्यामागे धावायचं? एक मुलगा आईला सांभाळतो, सातपूरच्या कंपनीतली नोकरी टिकवण्यापुरते त्याला तास हवे आहेत. मला बँकेत जायचं असतं, माझी थायरॉइडची तपासणी राहिलेली असते, आणि खरं सांगायचं तर मला झोपायचं असतं. सांभाळणारा माणूस वर्षानुवर्षं अर्धवट झोपेवर जगला की त्याचं बीपी वाढतं, चिडचिड वाढते, नैराश्य येतं. पुढच्या काही वर्षांत तोही आपल्याच रुग्णालयात दाखल होतो. चार तासांची सोय त्या खर्चापेक्षा स्वस्त पडेल.

केरळने डिमेन्शियासाठी राज्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यात दिवसा सांभाळण्याची सोयही केली. तिथेच 'आश्वासकिरणम्' नावाची योजना आहे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरी सांभाळणाऱ्याला सरकार महिन्याला ६०० रुपये देतं. रक्कम थोडी आहे, पण सरकारच्या वहीत सांभाळणाऱ्याचं नाव आलं, हे मला मोठं वाटतं. आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही, कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांच्या संदर्भात काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याच्याही आधीपासून आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण ते दाखल झाल्यावर. डिमेन्शियाचा माणूस बहुतेक दिवस दाखल नसतो, घरी असतो, आणि डायपर, वॉटरबेड, ब्यूरोचा माणूस हा सगळा खर्च घरातल्या घरात चालतो. कायदा, योजना, कार्यक्रम यांची जी टोकं आहेत ती सांभाळणारीच्या हातापर्यंत यावीत, एवढंच म्हणणं आहे. आशाताई घरोघरी जातात. त्यांच्या नोंदीत "घरात विसरण्याचा आजार असलेलं कुणी आहे का, आणि त्याला बघतं कोण" हा प्रश्न वाढवला तर शहरातली अशी घरं कुठे आहेत हे आपल्याला कळेल. आणि केसपेपरच्या मागच्या बाजूला दोन नंबर छापा : ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ आणि मनाच्या आजारांसाठीची टेलिमानस १४४१६. मोफत आहेत, आणि ज्यांना लागतात त्यांना माहीत नाहीत.

निदानाच्या दिवशीच कायद्याचीही दोन वाक्यं कानावर पडायला हवीत. माणसाला समजतं आहे तोवर बँकेतली वारसनोंद, संयुक्त खातं, मृत्युपत्र हे उरकून घ्यावं. समज गेल्यावर सही चालत नाही, आणि आधी दिलेलं मुखत्यारपत्रही कायद्याने संपतं. मग त्या माणसाच्याच पैशांतून त्याचे उपचार करायला घरच्यांना थेट उच्च न्यायालयापर्यंत जाऊन पालक नेमून घ्यावा लागू शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा एक वकील महिन्यातून एक दिवस रुग्णालयात बसला तर कितीतरी घरं या फेऱ्यातून वाचतील.

आता सिंहस्थ. २०२७ ची पर्वणी डोळ्यांसमोर आहे आणि शहरभर त्याची कामं चालली आहेत. ओळखीचं वळण, ओळखीचं झाड, ओळखीची टपरी यांच्या आधारावरच डिमेन्शियाचा माणूस घरी परत येतो. रस्ता खोदला, खुणा बदलल्या की तो हरवतो, अगदी स्वतःच्या गल्लीच्या तोंडाशी. आणि अमृतस्नानाच्या दिवशी रामकुंड, पंचवटी, तपोवनात देशभरातून जे लाखो म्हातारे येतील, त्यांत या आजाराचे असंख्य असतील. घरच्यांनी हात धरूनच आणलेलं असेल, पण गर्दीत हात सुटतो. हरवलेल्यांच्या केंद्रात ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारून उपयोग नाही, कारण त्याला स्वतःचं नाव सांगता येणार नाही, आणि पुकारलेलं नाव आपलं आहे हेही कळणार नाही. तो घाबरून चालत सुटेल. म्हणून बंदोबस्तातल्या पोलिसांना आणि स्वयंसेवकांना आतापासून सांगून ठेवा : घामाघूम, गोंधळलेला, शिव्या देणारा म्हातारा हा दारू प्यालेला किंवा वेडा असेलच असं नाही. त्याला समोरून जाऊन, हळू आवाजात, एका वेळी एकच प्रश्न विचारावा. बसवावं, पाणी द्यावं, मनगट, गळा, खिसा बघावा. रेल्वे स्टेशन आणि बसस्थानकांवर साध्या कापडी पट्ट्या वाटाव्यात, ज्यावर नातेवाइकांचा मोबाइल नंबर पक्क्या शाईने लिहिता येईल. नाशिकच्या घरांनीही आपल्या माणसाच्या सदऱ्याच्या आत, कॉलरखाली नंबर शिवून ठेवावा. खिशातली चिठ्ठी हे लोक काढून टाकतात. आम्ही अण्णांच्या प्रत्येक सदऱ्याला तो शिवला आहे.

नातेवाइकांबद्दल एकच बोलते, कारण ते मनात आहे. वर्षातून दोनदा पेढे घेऊन येणारी माणसं अर्धा तास बसतात, त्या अर्ध्या तासात अण्णा छान बोलतात, आणि जाताना दारात मला विचारतात, "एवढे काही वाटत नाहीत गं, तूच जास्त टेन्शन घेतेस का?" परक्यांसमोर थोडा वेळ सावरून वागता येणं हा या आजाराचाच भाग आहे. हे डॉक्टरांनी एकदा सगळ्या कुटुंबाला समोर बसवून सांगितलं, तर सांभाळणारीवरचा अविश्वास तरी कमी होईल. निदानानंतरची एक भेट फक्त कुटुंबासाठी ठेवा, रुग्णाशिवाय. रुग्णासमोर सगळं बोलता येत नाही.

एवढं सगळं एकदम होणार नाही, हे मला कळतं. पैसा, मनुष्यबळ, सिंहस्थाची घाई, सगळं आहे. पण केसपेपरवरची ओळ छापायला निधी लागत नाही. ती पहिली करा. २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन असतो. त्या दिवशी व्याख्यान आणि पुष्पगुच्छ ठेवण्याऐवजी, बिटको रुग्णालयाच्या एखाद्या खोलीत शहरातल्या सांभाळणाऱ्यांना दोन तास बोलवा. आमची माणसं बघायला तेवढ्या वेळापुरत्या नर्सिंगच्या मुली शेजारच्या खोलीत ठेवा, नाहीतर आमच्यातलं कुणीच येऊ शकणार नाही. त्या ओळीखाली काय काय विचारायचं, याचा कच्चा मसुदा आम्ही काही घरांनी मिळून लिहून ठेवला आहे. एका पानाचा आहे. बोलावलंत की घेऊन येते.

आपली,
जेलरोड, नाशिकरोड येथील एक सून